परदेशी सेवेला जाणाऱ्या मॉर्मन मिशनरी मुलाचे पहिले दिवस कसे असतात?

वसुधा, लीहाय (युटा)

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून युटा राज्यातील लीहाय येथे राहतो. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे आता येथे बरीच आहेत. आमच्या गल्लीतील बहुतेक घरे मात्र चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या पंथाची, म्हणजे जग ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखते त्यांची आहेत. समोरच्या घरातील मुलगा माझ्या मुलाचा शाळेपासूनचा मित्र. बारावी होताच त्याने मिशनसाठी, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेसाठी, अर्ज केला आणि त्याची नेमणूक जपानमध्ये, नागोया मिशनमध्ये झाली. नेमणूक कळली त्या संध्याकाळी त्यांनी आम्हालाही बोलावले होते. सगळे नातेवाईक जमलेले असताना त्याने ते पत्र संगणकावरून मोठ्याने वाचून दाखवले. जपान हे नाव आले तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्या आईने डोळे पुसले.

या मुलाने आजवर घराबाहेर एकट्याने फारसे दिवस काढलेले नाहीत. त्याला जपानी भाषेतील एक शब्द येत नाही. आता दोन वर्षे तो घरी येणार नाही. त्याच्या आईला काही विचारावे, तर ती धीराने हसून देवावरचा विश्वास बोलून दाखवते, आणि मग पुढे विचारणे मला प्रशस्त वाटत नाही. माझा मुलगा अस्वस्थ आहे. आपला मित्र तेथे पोहोचल्यावर पहिल्या दिवशी, पहिल्या आठवड्यात नेमके काय करील, कोणाबरोबर राहील, भाषा येत नसताना लोकांशी काय बोलेल, असे प्रश्न तो मला विचारतो आणि माझ्याजवळ उत्तरे नाहीत. ज्यांनी या मुलांना जवळून पाहिले आहे किंवा या विषयाचे वाचन केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शेजारी म्हणून आम्ही त्याला काही आधार देऊ शकतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रभंजन, प्रोव्हो

वसुधाताई, माझ्या कार्यालयातील अनेक सहकारी असे मिशन करून आलेले आहेत आणि जेवणाच्या सुट्टीत हा विषय वारंवार निघतो, म्हणून मला जे खात्रीने ठाऊक आहे ते लिहितो.

प्रथम व्यवस्था समजून घ्यावी. आपण कोठे जायचे हे मुलगा ठरवत नाही. चर्चच्या सर्वोच्च मंडळातील ‘प्रेषित’ म्हणवले जाणारे वरिष्ठ प्रत्येकाची नेमणूक करतात. मुलांसाठी मिशन दोन वर्षांचे असते आणि मुलींसाठी अठरा महिन्यांचे. २०१२ सालच्या ऑक्टोबरपर्यंत मुलांना एकोणीस आणि मुलींना एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागत. त्या महिन्यात तेव्हाचे अध्यक्ष थॉमस मॉन्सन यांनी ही वयोमर्यादा अनुक्रमे अठरा आणि एकोणीस केली; मुलींची मर्यादाही २०२५ मध्ये अठरा झाली. त्यामुळे पूर्वी एखादे वर्ष महाविद्यालयात आणि वसतिगृहात काढून मग जाणारी मुले आता सरळ आईच्या स्वयंपाकघरातून निघतात. तुम्हाला वाटणारी काळजी म्हणूनच मला रास्त वाटते. या कामाचा पगार मिळत नाही. उलट अमेरिकेतील कुटुंबे दरमहा एक ठरावीक रक्कम भरतात. २०२० पासून ती ५०० डॉलर आहे, मग मुलगा महागड्या टोकियोत असो की स्वस्त अशा एखाद्या देशात.

नेमणुकीनंतर प्रशिक्षण येते. अलीकडे त्याचा आरंभीचा भाग घरूनच संगणकावर होतो आणि मग मुले येथील, म्हणजे युटातील प्रोव्होच्या, प्रशिक्षण केंद्रात दाखल होतात. इंग्रजीतून काम करणारे थोड्या आठवड्यांत बाहेर पडतात. जपानीसारखी भाषा असेल तर हा काळ दोन महिन्यांच्या आसपास जातो. शिकवणारे बहुधा त्याच देशातून नुकतेच परतलेले तरुण असतात. व्याकरणाचे पुस्तक उघडून बसवण्याऐवजी ते आरंभीच्या दिवसांतच मुलांना त्या भाषेत प्रार्थना करायला लावतात. कोणी शिक्षक अनोळखी गृहस्थाची भूमिका घेतो आणि मुलांनी त्याला मोडक्यातोडक्या वाक्यांत आपला विश्वास समजावून सांगायचा असतो. माझा एक सहकारी म्हणाला की त्याला आयुष्यातील पहिली खरी भीती तेथे, एका खोट्या दारावर टकटक करताना वाटली.

आता पोहोचल्यानंतरचे. विमानतळावर मिशनचे अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी स्वतः घ्यायला येतात. हे जोडपे बहुधा आपला व्यवसाय बाजूला ठेवून तीन वर्षांसाठी आलेले असते, आणि त्या प्रदेशातील शंभर-दीडशे मुलामुलींचे पालकत्व त्यांच्याकडे असते. पहिल्या रात्री त्यांच्या घरी जेवण, प्रत्येकाशी वेगळे बोलणे आणि झोप. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नवख्याला त्याचा पहिला ‘कंपॅनियन’ मिळतो, आणि पहिल्या दिवसांची सारी चव त्या एका माणसावर अवलंबून असते. कंपॅनियन हा त्याच वयाचा, वर्षभर आधी आलेला मुलगा असतो. हे दोघे सतत एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहतात. एकाच खोलीत झोपायचे, एकत्र स्वयंपाक करायचा, एकत्र अभ्यास आणि एकत्र बाहेर पडणे. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, परंतु नवख्याला शिकवण्याचा काळ बारा आठवड्यांचा धरलेला असल्यामुळे ही पहिली जोडी बहुधा तितका काळ टिकते.

दिवस ठरलेला असतो. सकाळी साधारण साडेसहाला उठणे, व्यायाम, मग धर्मग्रंथाचे वाचन, जोडीदाराबरोबर पाठांची तयारी, भाषेचा अभ्यास, आणि त्यानंतर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत बाहेर. काळी नामपट्टी छातीवर असते आणि त्या दिवसापासून मुलाचे पहिले नाव कोणी उच्चारत नाही. तो ‘एल्डर’ अमुक, मुलगी ‘सिस्टर’ अमुक. चित्रपट, खेळांचे सामने, मैत्रीण, आवडीची गाणी हे सर्व दोन वर्षे बाजूला. आठवड्यातील एक दिवस कपडे धुणे, किराणा आणणे आणि घरी बोलणे यांसाठी मोकळा असतो. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी दूरध्वनी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला करता येत असे. आता दर आठवड्याला, चेहरा पाहून, बोलता येते. माझ्या मते गेल्या काही दशकांतील हा सर्वांत माणुसकीचा बदल आहे.

निशिकांत, सोलापूर

माहिती चांगली आहे, पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. ही मुले शेवटी लोकांचे धर्मांतर करण्यासाठीच जातात ना? मग त्यांच्या एकाकीपणाबद्दल आपण इतके हळवे का व्हावे? ज्या घराच्या दारावर ती टकटक करतात, त्या घराचाही विचार व्हायला हवा.

प्रभंजन, प्रोव्हो

निशिकांतजी, प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर सरळ देतो. होय, बाप्तिस्म्याचे निमंत्रण देणे हाच त्यांच्या कामाचा घोषित हेतू आहे, आणि नामपट्टी लावून हिंडणारी ही मुले तो लपवत नाहीत. मीही त्यांच्याशी या विषयावर अनेकदा वाद घातला आहे. एका सत्याची मक्तेदारी सांगणारा कोणताही प्रचार मला पटत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगतो. परंतु जपानसारख्या देशात दार उघडायचे की नाही हे घरमालकाच्या हातात असते, आणि बहुतेक दारे उघडत नाहीत. नकार पचवत दोन वर्षे चालत राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनाचे काय होते, हा वसुधाताईंचा प्रश्न आहे. त्याच्या श्रद्धेशी सहमत नसतानाही तो विचारता येतो, आणि विचारावा.

अनघा, टोकियो

मी येथे अनेक वर्षे जपानी-इंग्रजी भाषांतराचे काम करते. त्यामुळे वसुधाताईंच्या प्रश्नातील भाषेचा भाग मी घेते, कारण माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या दिवसांचे खरे दुखणे तेच आहे.

प्रोव्होहून आलेल्या मुलाची भाषा एका बाजूला झुकलेली असते. त्याला प्रार्थना, पश्चात्ताप, पुनरुत्थान यांसाठी जपानी शब्द येतात. तो उभा राहून आपल्या श्रद्धेविषयी चार शुद्ध वाक्ये बोलू शकतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने पिशवी हवी का, जेवण गरम करून देऊ का, असे नेहमीच्या वेगाने विचारले की तो गप्प होतो. त्याने शिकलेली वाक्ये स्वच्छ आणि सावकाश होती. लोक मात्र शब्द गिळतात आणि समोरच्याच्या वयाप्रमाणे व मानाप्रमाणे क्रियापदे बदलतात. शिवाय तो बोलायला लागला की ऐकणारा जपानी माणूस सौजन्याने मान डोलावतो, त्यामुळे समोरच्याला समजले की नाही हेही त्याला कळत नाही.

दारावरचा नकारही येथे मऊ असतो. बहुतेक घरांना ध्वनियंत्र असलेली घंटा असते. आतून एक आवाज येतो, ‘केक्को देसु’, म्हणजे नको, आभार, आणि यंत्र बंद होते. चेहरा दिसतच नाही. एका परतीच्या वाटेवरील मुलाने मला आगगाडीत सांगितले की पहिल्या आठवड्यात कोणी रागावले असते तरी त्याला बरे वाटले असते, कारण निदान एक माणूस समोर आला असता. हे तो अत्यंत सफाईदार जपानीत सांगत होता, आणि शेजारी बसलेला त्याचा नवखा जोडीदार प्रत्येक शब्द पकडण्यासाठी त्याच्या ओठांकडे पाहत होता.

दिलाशाची गोष्ट अशी की या मिशनांनी दारांपलीकडचे मार्ग फार पूर्वी शोधले आहेत. त्यांच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा विनामूल्य वर्ग असतो. निवृत्त गृहस्थ, गृहिणी, परीक्षेची तयारी करणारी मुले तेथे येतात. दिवसभर मुका झालेला मुलगा त्या तासात अचानक जाणकार होतो, आणि त्याच्या चुकांना हसणारे व त्याला दुरुस्त करणारे त्याचे पहिले जपानी ओळखीचे लोक बहुधा त्या वर्गातच भेटतात. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे इंग्रजी अशाच वर्गात घडले. त्याने कधी धर्म बदलला नाही. कोणी त्याबद्दल त्याच्यावर रोषही धरला नाही.

वसुधाताई, तुमच्या मुलाला १९०१ सालची हकीकत जरूर सांगा. त्या वर्षी १२ ऑगस्टला हीबर ग्रँट, लुईस केल्श, होरेस एन्साइन आणि आल्मा टेलर असे चौघे योकोहामाच्या बंदरात उतरले. जपानमधील हे पहिले मॉर्मन मिशनरी. चौघांपैकी एकालाही जपानी येत नव्हते आणि प्रोव्होसारखे प्रशिक्षण केंद्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते. पाश्चात्त्यांसाठी चालवलेल्या एका निवासगृहाने ते मॉर्मन आहेत असे समजताच त्यांना खोल्या नाकारल्या, आणि लवकरच जपानी वृत्तपत्रांत त्यांच्यावर लेख येऊ लागले. या पंथात पूर्वी असलेल्या बहुपत्नीत्वाच्या चालीमुळे या लोकांना देशात प्रचार करू द्यावा का, असा वाद रंगला. घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच आपली कीर्ती पुढे पोहोचलेली असणे, तीही वाईट, हे त्यांचे पहिले दिवस.

या चौघांत आल्मा टेलर अवघा एकोणीस वर्षांचा होता. ग्रँट हे कर्तबगार आणि नामांकित गृहस्थ होते, पुढे ते चर्चचे अध्यक्ष झाले. पण जपानी भाषा त्यांना कधीच आली नाही आणि ते १९०३ मध्ये परतले. टेलर राहिला. तो जपानी लोकांत मिसळला, अक्षरे गिरवत राहिला. १९०४ पासून त्याने आपल्या पंथाचा ग्रंथ जपानीत आणण्याचे काम हाती घेतले. अनेक जपानी साहाय्यकांनी मजकूर तपासला, अखेरचा हात इकुता चोको या साहित्यिकाने फिरवला, आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापून झाला. टेलर घरी गेला तो १९१० च्या आरंभी. भाषांतरकार म्हणून मी त्याचा तो प्रयत्न पाहते तेव्हा मला त्याच्या धर्मापेक्षा त्याच्या चिकाटीविषयी अधिक आदर वाटतो. परक्या भाषेत दर परिच्छेदाला अडखळणे काय असते, हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे.

संख्येच्या दृष्टीने ते मिशन फसले. १९२४ मध्ये ते बंद करण्यात आले, आणि बंद करणारे अध्यक्ष ग्रँटच होते. तोवर सुमारे तेवीस वर्षांत दोनशेहूनही कमी लोकांनी बाप्तिस्मा घेतला होता. महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ते नव्याने सुरू झाले, आणि १९८० साली टोकियोत त्यांचे मंदिर उभे राहिले. आज नागोयाला जाणाऱ्या मुलाला तेथे जपानी सभासदांचे तयार मंडळ भेटेल. रविवारी त्याला घरी जेवायला बोलावणाऱ्या आज्जी भेटतील. टेलरला पहिल्या दिवशी यातले काहीच नव्हते.

श्रीधर, पुणे

अनघाताईंनी जपानचा इतिहास दिलाच आहे. मी थोडे आणखी मागे जातो, कारण नवख्या मिशनऱ्याच्या पहिल्या दिवसांचा प्रश्न या पंथात जवळजवळ त्याच्या आरंभापासूनचा आहे.

१८५० च्या डिसेंबरात दहा तरुण हवाई बेटांवर उतरले. त्यांची कल्पना अशी होती की तेथे राहणाऱ्या गोऱ्या लोकांत इंग्रजीतून प्रचार करावा. गोऱ्या लोकांनी ऐकून घेतले नाही. हवाईयन भाषा कोणाला येत नव्हती, आणि थोड्याच महिन्यांत दहापैकी निम्मे लोक परत फिरले. ते भित्रे होते असे मला वाटत नाही. ज्या कामासाठी त्यांना पाठवले होते, ते काम तेथे नव्हतेच. राहिलेल्यांत जॉर्ज कॅनन नावाचा तेवीस वर्षांचा मुद्रक होता. त्याने ठरवले की या भूमीच्या लोकांची भाषा शिकायची आणि त्यांच्यातच राहायचे. माउई बेटावर त्याची गाठ जोनाथन नपेला या हवाईयन न्यायाधीशाशी पडली. नपेलाने त्याला आसरा दिला, भाषा दिली, आणि दोघांनी मिळून ग्रंथाचे हवाईयन भाषांतर केले, जे १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले. या हकीकतीत नपेलाचे नाव कॅननच्या इतकेच ठळक असावे, असे मला वाटते. परक्या गावी आलेल्या मुलाचे पहिले दिवस कोण तारतो, हे पाहताना आपली नजर येणाऱ्यावरच खिळते. दार उघडणाराही पाहिला पाहिजे. निशिकांतजींनी ज्या घराचा उल्लेख केला, ते घर असेही असू शकते.

त्यापाठोपाठ, १८५४ मध्ये, जोसेफ एफ. स्मिथ हा मुलगा त्याच बेटांवर आला. तेव्हा त्याचे वय पंधरा होते. वडील हायरम स्मिथ यांना १८४४ मध्ये अमेरिकेतील कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने ठार केले होते आणि आई १८५२ मध्ये वारली होती. म्हणजे ज्या घराची आठवण काढून रडावे, ते घरच मागे उरले नव्हते. माउई बेटावरील कुला या भागात त्याला पाठवले गेले आणि आरंभीच्या काळातच तो तापाने आडवा झाला. एका हवाईयन स्त्रीने त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळले. काही महिन्यांतच तो त्या भाषेत प्रचार करू लागला. हाच मुलगा १९०१ मध्ये संपूर्ण चर्चचा अध्यक्ष झाला आणि त्या माउलीला तो अखेरपर्यंत विसरला नाही.

पुण्याचाही येथे एक धागा आहे. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये एकटाच मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यास आला. छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला तेथे प्रचार करू दिला नाही, वृत्तपत्रे आणि इतर ख्रिस्ती पाद्री विरोधात होते, तरीही त्याने येथे मूठभर सभासदांची एक शाखा स्थापली. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातील ते सारे मिशन गुंडाळले गेले. लष्कर भागातील जुन्या रस्त्यांवरून जाताना, बरोबर जोडीदारही नसलेल्या त्या माणसाने येथे पहिले आठवडे कसे काढले असतील, याचा मी अनेकदा विचार करतो. जोडीने पाठवण्याचा आजचा काटेकोर नियम मला त्यामुळे फार शहाणपणाचा वाटतो.

वसुधा, लीहाय (युटा)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. माझ्या मुलाला मी हे सर्व वाचून दाखवले. आल्मा टेलर एकोणीस वर्षांचा होता हे ऐकून तो गप्प झाला, आणि मग त्याने स्वतःच तो चर्चेचा दुवा मित्राला पाठवला. मित्राला मराठी वाचता येत नाही म्हणून दोघे बसून एकेक भाग समजून घेत आहेत.

आणखी दोन गोष्टी विचारते. हा मुलगा धर्माच्या नियमामुळे चहा-कॉफी घेत नाही, आमच्याकडे आला की कोकम सरबत घेतो. जपानमध्ये तर घरी आलेल्याला प्रथम चहाच देतात. तेथे तो काय करील? दुसरे, त्याला पत्र लिहायचे तर काय लिहावे? आम्ही त्याच्या धर्माचे नाही. काही बोलताना त्याचे मन दुखेल किंवा त्याची घराची ओढ वाढेल, अशी भीती वाटते.

मेधा, फिनिक्स

वसुधाताई, मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते आणि आमच्या भागातही हा समाज मोठा आहे. मिशनवरून परतलेली मुले, तसेच मुदतीपूर्वी परतलेली मुले माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून पत्राविषयी लिहिते.

पहिल्या सहा आठवड्यांत मुलाच्या मनावर सर्वाधिक ओझे असते ते सर्वांना अभिमान वाटावा असे वागण्याचे. आईवडील, आजोबा, शेजारीपाजारी सर्वांनी निरोप दिलेला असतो. त्यामुळे ‘मला जमत नाही’ हे वाक्य तो घरच्या दूरध्वनीवर बोलू शकत नाही. काही मुलांना खरोखर झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडते. अशा वेळी मिशनच्या अध्यक्षांना सांगणे आणि डॉक्टरी मदत घेणे हा योग्य मार्ग आहे, आणि प्रकृतीच्या कारणाने लवकर परतावे लागले तर त्यात कमीपणा नाही. हे बोलणारे माणूस मुलाभोवती असावे लागते. घरच्यांना ते अवघड जाते. तुम्ही त्या पंथाच्या बाहेरच्या आहात, म्हणून तुम्हाला ते सोपे जाईल. तुमच्याकडून त्याला कौतुक अपेक्षित नाही, म्हणून तुमच्यापुढे त्याला धीराचे सोंगही आणावे लागणार नाही.

तेव्हा पत्रात साध्या गोष्टी लिहा. गल्लीत बर्फ किती पडला, तुमचा मुलगा कोणत्या विषयात अडला, कुत्र्याने कोणाची बाग उकरली. घराची ओढ अशा मजकुराने वाढत नाही, असा माझा अनुभव आहे. ती वाढते ‘तुझ्यावाचून करमत नाही’ या वाक्याने. किती लोकांनी बाप्तिस्मा घेतला हे कृपया विचारू नका. तो प्रश्न त्याला सगळीकडून येणार आहे. त्याऐवजी आज कोणते नवे वाक्य समजले, जोडीदार स्वयंपाक कसा करतो, असे विचारा. पहिले एकदोन आठवडे उत्तर आले नाही किंवा तीन ओळींचे आले, तर काळजी करू नका. मोकळ्या दिवशी कपडे, किराणा आणि घरचा दूरध्वनी यांतच वेळ संपतो.

अनघा, टोकियो

चहाचे उत्तर मी देते. येथे बार्लीचे दाणे भाजून केलेले ‘मुगीचा’ नावाचे पेय घरोघरी असते, उन्हाळ्यात तर शीतपेटीत भरूनच ठेवलेले असते. त्यात चहाची पाने नसतात, त्यामुळे ही मुले ते निःशंकपणे घेतात. येथील सभासदांच्या घरी अर्थातच सर्वांना हे ठाऊक असते. इतर कोणी हिरवा चहा पुढे केला तर नम्रपणे नको म्हणण्याचे वाक्य त्यांना पहिल्या आठवड्यातच जोडीदार शिकवतो, आणि कारण सांगितले की यजमान ते पाळतात. आहाराचे नियम पाळणाऱ्या पाहुण्याचा येथे मान ठेवला जातो. मी शाकाहारी आहे, स्वानुभवाने सांगते.

जाण्याआधी त्याला एक गोष्ट अवश्य करायला लावा. हिरागाना आणि काताकाना या दोन वर्णमाला त्याने घरीच पक्क्या कराव्यात. रोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत होतात. तुमच्या मुलानेही त्याच्याबरोबर शिकाव्यात, म्हणजे पत्राच्या शेवटी एखादी ओळ त्या लिपीत लिहिता येईल. पाटी वाचता आली की पहिल्या दिवशीचे स्थानक निम्मे परके वाटते. सामानाचे म्हणाल तर नागोयाचा उन्हाळा दमट आणि फार उष्ण असतो, म्हणून पांढरे सदरे सुती आणि जास्त असावेत. हिवाळ्यात इबुकी पर्वताकडून बोचरा वारा येतो आणि ही मुले सायकलवरून हिंडतात, तेव्हा हातमोजे चांगल्या प्रतीचे द्यावेत. त्याच्या पायाचे माप मोठे असेल तर बुटांचे दोन जोड युटाहूनच न्यावेत, कारण मोठ्या मापाचे बूट येथे सहजी मिळत नाहीत.